तीन खिडक्या

कोणाच्याही घरी गेले की इंगळे मास्तर आधी भिंतीला हात लावायचे. विटांच्या सांध्यावरून अंगठा फिरवून झाला, की मग त्यांना "या, बसा" ऐकू जायचं. अकोल्याच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी इंग्रजी. खोल्याही शेजारी होत्या. बायको लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी वारलेली, मूलबाळ नाही. एकट्यासाठी भाजी करायची तरी किती, म्हणून दोन्ही वेळ वरण-भाकर खायचे. "एकट्या माणसाले भिंत बरी सर. मधात बोलत नाही," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मला ते हसणं सोसायचं नाही.

त्यांच्या खोलीत जुन्या मासिकातून कापलेला एकच फोटो होता. जर्मनीतल्या समुद्राकाठच्या गावातलं, सहाशे वर्षांपूर्वीचं विटांचं चर्च. टोकदार कमानी, उंचच उंच भिंती. "त्या मुलखात दगड नाही. मंग काय रडत बसले? माती भाजली अन् देवाचं घर उभं केलं. आज्यानं पाया घातला, नातवानं कळस पाह्यला." एकदा बाळापूरच्या किल्ल्याच्या विटा दाखवत म्हणाले, "इथले अन् तिथले गवंडी भेटले असते त दिवसभर बोलले असते. भाषा लागली नसती."

मास्तर ते चर्च वीट न् वीट मोजून मोठ्या कागदावर काढत होते. पण फोटो होता समोरून. मागच्या बाजूचा कागद कोराच राहिला. "मांगं काय असन हो?" दर रविवारी हाच प्रश्न. शेवटी त्यांच्या वतीने मी तिथल्या पाद्र्याला इंग्रजीत पत्र लिहिलं.

चार महिन्यांनी उत्तर आलं. मास्तर धोतराला हात पुसत समोर उभे राहिले. महायुद्धात बाँब पडून मागची भिंत कोसळली होती, आता तिथे फळ्या ठोकल्या होत्या, त्या बाजूचं जुनं चित्रही उरलं नव्हतं. मी मनात वाचलं, अडखळलो, आणि म्हणालो, "सगळं शाबूत आहे मास्तर. मागे तीन उंच खिडक्या आहेत."

"तीनच?"

"तीनच."

पत्र मी खिशात घातलं. त्यांनी मागितलं नाही. पुढची दोन वर्षं ते त्या खिडक्या काढत होते आणि मी त्यांच्या खोलीत जायचं टाळत होतो.

माझी अमरावतीला बदली झाली. एसटी स्टँडवर त्यांनी कागदांची गुंडाळी माझ्या हातात दिली. "मांगच्या खिडक्या तुमच्या हायेत सर. पत्र वाचताना तुमी थांबले ना, तवाच समजलं मले."

मला वर बघवेना. "मग काढल्या कशाला?"

"माह्या जिवासाठी कोणी खोटं बोललंच नव्हतं आजवर. ते मोडवलं नाही मले."

गाडी हलली. मागच्या काचेतून पाहिलं, तर मास्तर स्टँडच्या भिंतीला हात लावून उभे होते.