उंदीर वॉरंटीत बसत नाही

आमच्या आदिलाबादच्या वर्कशॉपमध्ये गाडीची तक्रार लिहून घेणारा जो गृहस्थ आहे, तो तोंड उघडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. बिघाड वाढीव वॉरंटीत बसत असेल, तर तो मराठीत बोलतो. "होऊन जाते भाऊ, काऊन घाबरून राह्यले?" बसत नसेल, तर शर्टाची कॉलर नीट करतो आणि हिंदीत शिरतो. "सर, कंपनी का रूल है." तो स्वतः महाराष्ट्राच्या सीमेवरच्या बेल्याकडचा, घरी मराठीच बोलणारा. पण नाही म्हणायचं असलं की तो कुठलाच नसतो.

परवा गाडीचा एसी बंद पडला. त्याने बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि मूठभर कापूस बाहेर काढला. उंदराने आत घरटं केलं होतं आणि शेजारची वायर कुरतडली होती. मी बघतोय तोच त्याचा हात कॉलरकडे गेला.

"सर, चूहा वारंटी में नहीं बैठता."

त्याची हिंदीही मराठीच, फक्त इस्त्री केलेली.

"वॉरंटीत बसत नाही, तर गाडीत कसा बसला?" मी मराठीतच खेकसलो.

त्याला हसू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना. मग इकडेतिकडे पाहून त्याने खिशातली काळी टेप काढली, स्वतःच वायर जोडली. एसी सुरू झाला.

"तुमी कापसाच्या जिनिंग मिलजवळ गाडी नका लावत जाऊ भाऊ," बॉनेट बंद करत तो म्हणाला. "पुढच्या खेपेला मी हिंदीतच बोलीन."