पाण्यातला दिवा आणि मायचा वरवंटा

मला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी गोष्ट का होते ते कळलं नाही, की जेवणात लक्ष लागत नाही आणि समोर येईल त्याच्यावर मी डाफरते. त्या वर्षी मला मासे दिव्याकडे का येतात हे कळत नव्हतं.

बोंडअळीनं कापूस खाल्ला, ती वर्षं. आमचं गाव पुसदपासून तासाभरावर, आणि आमची मासे धरणाऱ्या भोयांची आळी तलावाला लागून. अंधार पडला की शेताशेतात कंदील टांगलेले दिसायचे. खाली घमेल्यात पाणी, पाण्यावर घासलेट. अळीचे पतंग उजेडावर यायचे आणि घमेल्यात पडून मरायचे. एक कंदील तलावाच्या अगदी काठावर होता. त्याच्याखाली मासे उसळताना मी पाहिले. आता मासे हे पाण्यात पडणारे पतंग खायला येतात, की उजेडासाठीच येतात? बाबांना विचारलं, तर म्हणाले, "मासोळीले इचार. मले कायले इचारतं?"

बाबांचं चिडणं मला समजत होतं. आदल्या उन्हाळ्यात बैलगाडीवरून पडून त्यांचा उजवा खांदा निखळला, तो पुन्हा नीट बसला नाही. फेकजाळं टाकायला खांदा लागतो. सारा जन्म पाण्यावर काढलेला माणूस दारात बसून दुसऱ्यांची फाटकी जाळी विणत होता. जेवताना घास डाव्या हातानं घ्यायचा आणि कुणी पाहिलं की भाकर खाली ठेवायचा. मला ते बघवत नव्हतं.

मी तेव्हा पुसदला मोटार वायंडिंगच्या दुकानात काम करायची. मनात आलं, पतंग पडणारच नाहीत असा दिवा लावून पाहावा, म्हणजे पाण्याच्या आत. मासे आले तर माझं कोडं सुटेल. शिवाय आपणहून येणाऱ्या माशांना फेकजाळं कशाला? चार काठ्यांवर ताणलेलं जाळं खाली सोडायचं, दोरी काठच्या वडावरच्या कप्पीतून घ्यायची आणि डाव्या हातानं ओढायची. बाबांना सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत, पण संध्याकाळी कप्पीला तेल देताना दिसले.

तलाव साऱ्या आळीचा, म्हणून पंचांना विचारलं. त्यांनी एक रात्र दिली. मासे आले तर वडाखालचा कोपरा बाबांचा, नाही आले तर पुन्हा विषय काढायचा नाही.

दुकानाच्या मालकांनी, चाचांनी, जुनी बॅटरी दिली. "ले जा बेटी, लेकिन पानी में गिरी तो पीछे से तू भी कूद जाना." मोटारसायकलचा बल्ब लोणच्याच्या काचेच्या बरणीत बसवला, झाकणाला ट्यूबचं रबर लावलं. पण हवेनं भरलेली बरणी बुडेना. वजन हवं होतं. मी मायला वरवंटा मागितला.

"वरवंटा? अन चटणी काय तुह्या डोक्यानं वाटू?" माय म्हणाली. "तो तळ्यात गेला तं मी बी तुले तळ्यात घालीन."

माझंही डोकं फिरलं. नाही तर नाही. गोठ्यात फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा पडला होता. तेव्हा असे डबे घरोघर असायचे, कुणी त्यात बी ठेवी, कुणी घासलेट. मी तो साबण लावून तीनदा धुतला, ओल्या वाळूनं भरला, बूच घट्ट लावलं आणि बरणीखाली बांधला. कुणी दगड बांधला असता. पण दगड शोधायला धीर लागतो, अन उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघं वडाखाली गेलो. दिवा खाली सोडला आणि पाणी आतून हिरवं झालं. आधी काहीच नाही. मग ठिपक्यांएवढे किडे आले, पाण्यातलेच, वरून पडलेले नव्हेत. त्यांच्यामागं बोटाएवढ्या मासोळ्या. मी पोटावर पडून पाहत होते. म्हणजे उजेडाला किडे, किड्यांना मासोळ्या, असं होतं तर. मला इतका आनंद झाला की मी बाबांचा पायच धरला. "हालू नको," ते पुटपुटले. उजेडाच्या कडेला, अंधारात, एक लांब सावली थांबली होती. मरळ, मासोळ्या खाणारी मोठी मासळी. बाबांनी डाव्या हाताला दोरीचा वेढा घेतला.

तेव्हाच मला डब्याच्या बुचापासून एक पांढरी रेघ वर येताना दिसली.

"बाबा, पाहा. दुधासारखं काय निघून राह्यलं?"

मला खरंच नवल वाटलं होतं. डबा मी धुतला होता, बुचाचे आटे धुतले नव्हते. औषध पाण्यात पडलं की दुधाळ होतं, हे फवारणीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक. मलाही होतं. एक मासोळी आडवी झाली, मग दुसरी. आणि बाकीच्या येतच होत्या.

"इझव," बाबा म्हणाले. "आधी दिवा इझव. बोलावणं बंद कर."

मी वायर काढली. त्यांनी जाळ्याची दोरी सोडून दिली आणि दोन्ही हातांनी, त्या दुखऱ्याही, डबा बाहेर ओढून काढला.

सकाळी घमेलंभर मासोळ्या तरंगत होत्या. आळीनं नुकतंच तलावात माशांचं बीज सोडलं होतं, त्यातल्याच. मी म्हटलं, उन्हानं मेल्या म्हणून सांगू. बाबांनी त्या कुत्र्यांच्या तोंडी लागू नयेत म्हणून खोल पुरल्या आणि स्वतः पंचांकडे गेले. "मारलं तं खायले मारलं आजवर. हे बोलावून मारणं झालं," एवढंच ते जाताना म्हणाले. पंचांनी दिव्यावर जाळं लावायला कायमची मनाई केली. वडाखालचा कोपरा गेला. बाबा घरी येऊन पुन्हा फाटकी जाळी घेऊन बसले. दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं महिनाभरानं, जाळं विणता विणता ते म्हणाले, "ते बारके किडे दिवसा कुठं राह्यतात वं?"

मला तेवढं पुरे होतं. मी पंचांकडे गेले, भांडले, आणि जाळ्याशिवाय नुसता दिवा सोडायची परवानगी घेऊन आले. त्या रात्री आम्ही दोघं निघताना माय आतून आली. तिनं धुतलेला वरवंटा बाबांच्या हातात दिला आणि चुलीकडे वळली.

किडे आले, मासोळ्या आल्या. फार वेळानं मरळही आली, आणि या खेपेला सरळ उजेडात शिरली. बाबांचा डावा हात आपोआप वर गेला. हातात दोरी नव्हती. तो हात त्यांनी हळूच गुडघ्यावर ठेवला.

"इतकी वर्सं मी हिच्या मागं," ते म्हणाले. "कशी दिसते ते आज पाह्यलं."