मावशीच्या लुगड्याचा रंग

आमच्या मावसाजींइतका गोंधळलेला माणूस अख्ख्या केळापूर तालुक्यात दुसरा नसेल. पांढरकवड्याच्या बाजाराला निघाले की दोन मोटारी सोडून तिसरीत बसत, आणि पहिलीच बरी होती म्हणून वाटभर हळहळत. एकदा तर अर्धी मिशी उतरल्यावर त्यांनी न्हाव्याचा हात धरला आणि उरलेल्या अर्धीचा विचार करायला तसेच घरी निघून आले. मावशीनं दारातच विचारलं, "यातला माहा अर्धा कोनता?"

मी तेव्हा पांढरकवड्याच्या एका स्टुडिओत फोटोंना ब्रशनं रंग भरायचो. मावसाजींनी मावशीला फोटोसाठी आणलं. फोटो निघायचा काळा-पांढराच. पुढेमागे कोणी रंगीत मागितला तर, म्हणून लुगड्या-चोळीचे रंग त्याच वेळी चिठ्ठीवर टिपून ठेवायची आमची रीत. तसे टिपले. मग नमुने पुढे ठेवले: काळा-पांढरा, तपकिरी, रंगीत.

"काळा म्हटला तं सुतक पडल्यावानी," मावसाजी म्हणाले, "तपकिरी म्हटला तं चहा सांडल्यावानी. अन् रंगीत घेतला तं लोक म्हनतीन, म्हाताऱ्याले काय सुचून राह्यलं!"

"घ्या ना कोनताही," मावशी म्हणाली, "तोंड तं माहंच राह्यन."

विचार करून सांगतो म्हणून गेले. मग दर बाजाराला यायचे, नमुने उलटेपालटे करायचे आणि तसेच परत जायचे. असे चार महिने. पाचव्यात मावशी तापानं गेली.

तेरवी झाल्यावर आले ते उभ्यानंच म्हणाले, "रंगीत कर." इतकं ठाम बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

चिठ्ठी सापडेना. बहुधा मीच तिला ब्रश पुसला होता. मावशी माझ्यासमोर बसली होती, पण चिठ्ठीवर उतरवलं म्हणून लुगड्याचा रंग मी ध्यानात ठेवलाच नव्हता! विचारायची लाज वाटली. हिरवा भरला.

मावसाजी खूप वेळ बघत राहिले. "जांभळं होतं ना रे?"

ते लुगडं तिच्याबरोबरच गेलेलं. ताडून पाहायला काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, "चिठ्ठीत हिरवं हाये, मावसाजी."

"असंन बापा. मले कुठी काय नीट आठवते!"

त्यानंतर दर अविधवा नवमीला, मावशीच्या नावानं जेवू घालायच्या सवाष्णीसाठी ते हिरवंच लुगडं घेत. तेवढ्या एका बाबतीत घोळ नाही. यंदा, आठ वर्षांनी, दुकानात मी सोबत होतो. "हिरवं काढा," म्हणाले, पण हात शेजारच्या जांभळ्या घडीवरच फिरत राहिला. मला राहवलं नाही.

"मावसाजी, चिठ्ठी हरपली होती. हिरवं म्या मनानंच भरलं."

मी मान खाली घातली.

"म्हंजे मले आठवत होतं," ते एवढंच म्हणाले, आणि जांभळं लुगडं मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं हिरवंही ओढलं. "पन आता तिले हिरव्याची सवय झाली असंन रे. कोनतं घेऊ?"

हा प्रश्न त्यांनी मला आजवर हजारदा विचारला असेल, आणि दर वेळी मी काहीतरी ठोकून दिलं. या वेळी बोललो नाही. दुकानदारानं चहा सांगितला. दोन्ही लुगडी मांडीवर घेऊन ते बसले होते, आणि त्यांच्या शेजारी मी.