डाव्या पायाची गाडी

माझा धंदा रंगाचा. पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, मी पंचवीस वर्षं कलर मास्टर आहे. पार्टी हातभर तुकडा पाठवते आणि म्हणते, अशीच शेड पाहिजे. ती हजारो मीटर कापडात उतरवायची, हे माझं काम. एखादा ताका, म्हणजे कापडाचा तागा, जरा पिवळा गेला तर मला दारातूनच कळतं. याचा मला गर्व आहे, आणि तो लपवण्याइतका मी शहाणा नाही. बायको म्हणते, ह्या माणसाला वरणाची चव विचारा, रंग सांगेल.

मुलगी अठराची झाली, तिला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला, आणि कॉलेज निघालं बारडोलीच्या बाजूला. आमचं घर डिंडोलीत. दोन बस बदलायच्या, त्याही बहुतेक वेळा उभ्यानं. तिचा डावा पाय उभं राहायच्या कामाचा नाही. नऊ वर्षांची असताना मांडीचं हाड दोन जागी मोडलं, आत सळई घालावी लागली आणि तो पाय पुढे बारीकच राहिला. मोटारसायकलवरून पडली होती. मोटारसायकल मी चालवत होतो. त्यानंतर आमच्या घरात दुचाकी आली नाही. मी शटल रिक्षानं मिलमध्ये जातो, आणि कुणी आपल्या बाइकवर मागे बसा म्हणालं तर सरळ पायी चालायला लागतो.

तेव्हा जुनी का होईना, चारचाकी घ्यायची, आणि घ्यायची तर डिकीवालीच, असं मी ठरवून टाकलं. मुलीला छोटी गाडीही चालली असती. पण माझं डोकं असं चाललं, की पुढे बॉनेट, मागे डिकी आणि मधे माझी पोरगी. कुणी पुढूनमागून धडकलं तरी आधी पत्रा चेपेल. गाडी कधी ठोकलेली नसावी, ही माझी एकच अट. बिनगिअरच्या गाड्या आमच्या आवाक्याबाहेर होत्या, म्हणून तो विषयच निघाला नाही. लायसन्स तिनं पहिल्या फटक्यात काढलं होतं, त्यामुळे चालवण्याची काळजी मला वाटत नव्हती.

कतारगामला एका एजंटच्या मैदानात आम्ही दोघं सकाळी दहाच्या उन्हात गेलो. संध्याकाळी या म्हणत होता, पण ट्यूबलाइटखाली शेड पास करायची नसते. दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात भांडायला उठतात. खिशात मी पांढऱ्या कापडाचा तुकडाही नेला होता. रंग पक्का आहे का हे बघायला आमच्याकडे कापड ओलं करून घासतात. तसं मी एकेका गाडीच्या दारावर, डिकीवर घासत चाललो. एजंट थोडा वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "मास्टर, गाडी लेवा आव्या छो के धोवा?" म्हणजे घ्यायला आलात की धुवायला. मुलगी हसली. मी नाही हसलो.

एक बदामी गाडी होती. मुलगी तिच्यात बसून आरसा फिरवत होती, पेडलवर पाय ठेवून बघत होती. तेवढ्यात मला मागचं डावं दार दिसलं. बाकीची गाडी बदामी आणि ते दार किंचित पिवळं. खिचडीशेजारी साधा भात ठेवावा, इतका तो फरक मला ढळढळीत दिसत होता. एजंट आता हिंदीवर आला. "पार्किंग के खंभे से घिसी थी साहब, बस इतना ही."

"ठोकलेली गाडी माझ्या दारात येणार नाही," मी म्हणालो, आणि इतक्या जोरात म्हणालो की दोन दुसरी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मुलीला म्हटलं, उतर. ती उतरली.

मग ती निळी गाडी. काय सांगू, दारं, डिकी, छत, सगळा एकच लॉट. ऊन खाऊन जितकी उतरायला हवी तितकीच सगळीकडून उतरलेली. कापडावर डाग नाही. मी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या आणि चौथी नुसती खुशीनं मारली. मुलगी एजंटला शेजारी बसवून मोठ्या रस्त्यानं एक फेरी मारून आली. तिच्या ओठांवर घाम होता. कशी आहे, मी विचारलं. "चांगली आहे पप्पा," ती म्हणाली. मी जागेवरच बाना दिला, म्हणजे विसार, आणि घरी येऊन बायकोला गाडीचा रंग अर्धा तास ऐकवला.

तिनं तो ऐकून घेतला आणि विचारलं, "पोरीले इचारं का तुम्ही?"

"विचारलं की. चांगली म्हणाली."

"मंग ती मजार गरम पाण्यानी थैली लिसन का बठेल शे?"

मी आत गेलो. मुलगी पलंगावर पाय लांब करून बसली होती आणि गरम पाण्याची पिशवी डाव्या मांडीवर होती. दहावीनंतर ती पिशवी कपाटातून निघाली नव्हती. काय झालं ते तिला विचारून विचारून काढावं लागलं. निळ्या गाडीचा क्लच जड होता. मैदानातून मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये शंभर वेळा तो दाबायचा, आणि क्लच डाव्या पायानं दाबायचा असतो. रंगाच्या पंडितानं पेडलकडे पाहिलंच नव्हतं. लायसन्स तिनं काढलं ते ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीवर, तिचा क्लच लोण्यासारखा.

अशा वेळी दुसरा बाप मऊ होईल. मी भडकलो. "मग तिथेच सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का?"

"तुम्ही किती खूश होता पप्पा," ती म्हणाली. "त्या कपड्यानं गाडी पुसत होता. इतके खूश मी तुम्हाला कधी बघितलं नाही."

मी बाहेर येऊन बसलो आणि चहा आला तो तसाच गार झाला. मला माझीच चीड येत होती. जिच्यासाठी गाडी घ्यायची तिचा पाय सोडून मी छत बघत बसलो होतो.

रविवारी ओळखीचा मिस्त्री घेऊन आम्ही पुन्हा कतारगामला गेलो. मिस्त्री म्हणाला, निळ्या मॉडेलचा क्लच मुळातच जड, नवा टाकला तरी फार फरक पडणार नाही. मग मी मान खाली घालून बदामीकडे बोट दाखवलं. त्यानं ती खालून वरून ठोकून पाहिली. गाडीचा सांगाडा सरळ होता, क्लच हलका होता, घासलं होतं ते खरंच एक दारच. एजंट भला माणूस निघाला, विसार त्यानं त्याच गाडीत धरला, आणि घाईघाईनं म्हणाला, दार रंगवून देतो. मी म्हटलं, दार राहू दे, शेड तुला जमायची नाही, मी बघतो. तर मुलगी म्हणाली, "कोणीच बघायचं नाही. कॉलेजच्या पार्किंगमध्ये सगळ्या सारख्याच दिसतात. माझी लगेच ओळखू येईल."

ती बसली आणि मी शेजारी बसलो. मिस्त्री मैदानातच थांबला. आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. मी तिच्या गुडघ्याकडे बघत होतो. क्लच दाबताना तो थरथरत नव्हता, चेहराही आवळत नव्हता. दोन सिग्नल झाले, एक फ्लायओव्हर झाला. पोरगी छान चालवत होती, माझ्यापेक्षा कितीतरी शांत. मग आमच्या बाजूनं साड्यांनी भरलेला एक टेम्पो पुढे गेला. ताडपत्री सुटलेली, आत राणी रंगाचे गठ्ठे. मी तिकडे बघितलं, आणि माझा हात आपोआप तिच्या हातावर गेला. तिनं गाडी बाजूला घेतली.

"काय झालं?"

मी सांगून टाकलं. त्या दिवशीही असाच टेम्पो होता, राणी रंगाच्याच ताक्यांचा, आमच्याच मिलचा. वरचे दोन ताके शेडबाहेर गेलेले दिसले म्हणून मी मान वळवून बघत राहिलो, आणि समोरचा दुभाजक दिसला तोवर उशीर झाला होता. दवाखान्यात, घरी, गावी तिच्या आजीला, सगळ्यांना मी सांगितलं होतं की कुत्रं आडवं आलं. नऊ वर्षं सांगत आलो होतो. बायकोला आजही तेच माहीत आहे.

मुलगी समोर बघत होती. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी मागे बसले होते ना पप्पा. तिथे कुत्रं नव्हतंच."

"मग कधी बोलली का नाहीस, माय?"

"केव्हा बोलू? दवाखान्यातून आले, तर तुम्ही रोज मिलमधून येऊन हातपाय न धुता आधी माझ्या पायाला तेल लावायला बसायचे. हात रंगलेले असायचे तसेच." तिनं आरसा सरळ केला. "तेव्हा मी नऊ वर्षांची होते, पण एवढं कळत होतं."

मी रडलो. सांगायला लाज वाटत नाही. तिनं मला रडू दिलं, आणि मग काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाली, "आता मागून काही येतंय का बघा, मला गाडी काढायची आहे." मी सीटवरच वळलो आणि मागच्या काचेतून नीट, पुरतं मागे बघितलं. एक बस गेली, एक रिक्षा गेली. मग मी तिला म्हटलं, कोणी नाही, काढ.