भाच्याचे वरचे दात

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. हा किस्सा धर्मापुरीपासून युसूफ वडगावपर्यंत सगळ्यांनी माझ्या आधीच सांगून टाकलाय, आणि प्रत्येकानं त्याला आपल्या पदरचं तिखटमीठ लावलंय. ज्याच्यावर बेतलं त्याला मात्र कोणी विचारलं नाही. आज तुम्ही चहा पाजून विचारताय, म्हणून सांगतो. सगळं ऐका, आणि मग तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

मी घाटनांदूरचा. घरात माय आणि मी, दोघंच. शाळेत गेलो, नाही असं नाही. पण निजाम सरकारची शाळा, शिकवणं सगळं उर्दूत, आणि उर्दू पुस्तक उघडतं दुसऱ्या बाजूनं. मी रोज ते आपल्या बाजूनं उघडायचो आणि मौलवीसाहेब रोज माझा कान पिळायचे. शेवटी माय म्हणाली, राहू दे, कान तरी शाबूत राहतील. मग मी शेतावर गेलो. बैलाची पुढची बाजू कोणती, ते कोणाला विचारावं लागत नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, युसूफ वडगावला दिलेली. तिला मुलगा झाला. मायचे गुडघे धरलेले, तिला गाडीतून एवढ्या लांब जाणं होईना. म्हणून भाचा कसा वाढतोय हे बघून यायचं काम माझ्याकडे आलं. मी परत आलो की पायावर पाणी घ्यायच्या आधी मायचे प्रश्न सुरू.

"मान धरली का?"

"धरली."

"उपडा पडतो का?"

"पडतो."

"आन् पडल्यावर खालचा हात काढून घेतो, का तसाच रडतो?"

आता हे मला काय ठाऊक? मी लाजरा माणूस. अक्काच्या सासरी चार बायका समोर आल्या की मी खांबाकडे बघून बोलतो. भाच्याला मी लांबूनच बघायचो आणि जे दिसलं ते सांगायचो. एकदा तो माझ्याकडे बघून हसला. मी ते घरी येऊन इतक्या कौतुकानं सांगितलं की मायनं गूळ वाटला. पुढच्या खेपेला कळलं की तो म्हशीकडे बघूनही तसाच हसतो. ते मी सांगितलं नाही.

तर भाचा बसायला लागला आणि मायनं फर्मावलं, "आता दात बघून ये. नीट बघ."

मी गेलो. अंगणात अक्काची सासू पाय लांब करून बसलेली, आणि पायांवर भाचा उताणा, तेलानं चोपडलेला. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसतं, पण हात असे चालतात की लेकरू नाही, कणीक वाटावी. बाकी बायका तिच्या पाठीमागे ओसरीवर बसल्या होत्या. तिकडं मी कसा बसणार? मी आपला म्हातारीच्या पावलांकडे, भाच्याच्या डोक्याशी, खाली मान घालून टेकलो. भाचा रडत होता. तोंड एवढं मोठं उघडलेलं. मी वाकून बघितलं. दोन पांढरे शुभ्र दात. वर.

तुम्हाला ठाऊकच असेल, लेकराला वरचे दात आधी आले की ते मामावर येतं. आणि मामा कोण? अक्काला दुसरा भाऊ नाही.

विचारायचं कोणाला? परक्या घरात बसून, तुमचं लेकरू माझ्या जिवावर उठलंय, असं म्हणायचं का? अक्कानं भाकरी वाढली. मी अर्धी खाऊन उठलो.

"कावून रे, बरं न्हाई का?"

"बरं हाय," म्हणालो आणि निघालो.

घरी आल्यावर मायनं विचारलं, "आले का दात?"

"आले."

"खालचे ना?"

मी वरच्या ओठावर बोट ठेवलं. माय जात्याजवळ बसली ती उठेचना. माझे वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हा ती कशाला घाबरली हे मला कळत होतं. म्हणूनच मला भाच्याचा जास्त राग आला. एवढंसं पोर, अजून रांगत नाही, आणि माझ्या मायला रडवतं.

शेजारच्या ठकूआत्या हाक न मारता येतात. आल्या, ऐकलं, आणि तिथल्या तिथं माझा बंदोबस्त केला. मामानं चांदीची वाटी घेऊन जायचं. भाच्याचं तोंड थेट बघायचं नाही, परातीत तेल ओतून त्या तेलात बघायचं, आणि मग वाटीनं खीर भरवायची. हे होईपर्यंत विहिरीवर जायचं नाही, झाडावर चढायचं नाही, बैलाच्या पुढून जायचं नाही, मागूनही जायचं नाही.

"मग बैल सोडू कसा?" मी विचारलं.

"तुला कोन सोडाया सांगितलं? बाजंवर पड गप."

पडलो. ऐन सुगीत, धडधाकट माणूस, लिंबाखाली बाज टाकून पडलो. आणि लोक भेटायला यायला लागले. यायचे, मायजवळ खालच्या आवाजात बोलायचे, माझ्याकडे बघून मान हलवायचे आणि जायचे. एकानं तर माझ्या नवीन वहाणांकडे दोनदा बघितलं. सांगा, जिवंत माणसानं हे सहन करायचं?

त्यातल्या त्यात माणूस म्हणजे रशीदभाई. सीताफळांच्या पाट्या घेऊन बाजार करणारा, माझा लहानपणापासूनचा दोस्त.

"क्या मियाँ, सुना है भांजा दाँत लेके पैदा हुआ?"

"पैदा न्हाई बे, आत्ता आले. वरचे."

"अरे बाप. ले, सीताफल खा ले."

जाताना त्यानं माझ्यासाठी चार फळं जास्त ठेवली आणि तो धर्मापुरीच्या बाजाराला गेला. तिथंच घात झाला. कारण धर्मापुरीच्या आबांच्या मुलीशी माझी सोयरीक ठरत आलेली होती. सुपारी तेवढी फुटायची राहिली होती. मुलीला मी एकदाच बघितलं होतं, तेही तिच्या पायांपर्यंतच, कारण मान वर करायचं मला जमलं नव्हतं. पण तिच्या हातचा चिवडा खाल्ला होता, आणि मनातल्या मनात मी लग्न करून मोकळा झालो होतो.

रशीदभाई म्हणतो की त्यानं जेवढं ऐकलं तेवढंच सांगितलं. मग बाजाराच्या एका टोकाला मी आजारी, मधल्या पालापाशी अत्यवस्थ, आणि आबांच्या ओट्यापर्यंत पोचेस्तोवर मी गेलो, हे कोणी केलं?

दुसऱ्या दिवशी आबा दारात. डोक्याला साधं पांढरं मुंडासं, चेहरा पडलेला. "लई वाईट झालं, बाई," म्हणत आत आले. मी बाजेवर बसून सीताफळ खात होतो. तोंडात बिया होत्या, त्यामुळे रामराम घालता येईना.

आबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "ह्यो तर हाय की," ते म्हणाले.

मायनं त्यांना खरं काय ते सांगितलं. सांगून थांबायचं की नाही? पण पोराची बाजू मांडायची म्हणून तिनं माझी सगळी वाढ त्यांच्यापुढे मांडली. "आबा, ह्याचं सगळं उशिराच झालं बगा. सगळ्यांची पोरं चालायली तरी ह्यो बुडावर सरकायचा. बोलायला लागला तर पयला शब्द 'नको'. मिसरूड तर आत्ता कुठं फुटायलंय, ते बी एका अंगाला. ज्याचं सगळंच उशिरा, त्याचं मरन एवढ्या लौकर कसं येईल?"

मी त्या बिया गिळल्या.

आबा म्हणाले, "माझी एकच पोरगी हाय. तिला जानून बुजून अशा घरात कशी देऊ? त्ये तेलाचं काय असंल त्ये माझ्या डोळ्यादेखत करा. निवारन झालं तर सुपारी फोडू. न्हाई तर रामराम."

म्हणजे माझं लग्न आता त्या परातीत होतं.

मग निघाली गाडी युसूफ वडगावला. मी, दुखरे गुडघे धरून माय, ठकूआत्या आणि आबा. अक्कानं दार उघडलं, ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"वरचे दात? कोन म्हनलं?"

"मी बघितलेत," मी म्हणालो.

"मी पाजते त्याला, किसना. मला कळत न्हाई का?"

तिला कळत असणारच हो. पण मला वाटलं, पोराला कोणी अवदसा म्हणू नये म्हणून ही लपवतेय. पोटच्या पोरासाठी पाठचा भाऊ वाऱ्यावर. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या सासरच्या माणसांसमोर आवाज चढवला. "अक्का, मी मेल्यावर बोलशील का खरं?" म्हणालो. तिनं पदर खोचला. मग पोर घेऊन परातीच्या पलीकडे येऊन बसली. "बघ," म्हणाली. "तेलात बघ, न्हाई तर तुपात बघ."

मी अलीकडे बसलो. मध्ये परात. डोक्यावर लाल टोपी घातलेला भाचा तिच्या मांडीवर ताठ बसलेला. आत्यांनी बजावलं होतं म्हणून मी मान वर केली नाही. आबा माझ्या खांद्यावरून वाकलेले. तेल हलायचं थांबलं. भाच्याला तेलात काहीतरी गंमत दिसली आणि तो खदखदून हसला.

आणि मला दिसले. दोन दात. वर.

"बघा," मी ओरडलो, "तेलात बी वरच हायत. आता म्हना मी खोटं बोलतो."

मायनं हंबरडा फोडला. आत्यांनी चांदीची वाटी पुढे केली. आबा मात्र आणखी खाली वाकले.

"बापू," ते शांतपणे म्हणाले, "तेलात लेकराची टोपी कुठं दिसती?"

मी बघितलं. "खाली."

"आन् हनवटी?"

"वर."

"आन् समोर लेकराची टोपी कुठं हाय?"

मी मान वर केली. टोपी डोक्यावर होती. जिथं टोपी असते तिथं. आणि टोपीच्या बऱ्याच खाली, हसऱ्या तोंडात, खालच्या हिरडीवर, दोन दात होते.

मग अक्का हळूच म्हणाली, "किसना, त्या दिवशी सासूबाई तेल लावत व्हत्या, तवा तू कुठं बसलातास?"

"डोक्याकडं," मी म्हणालो. म्हणता म्हणता मला कळलं.

सगळ्यांत आधी म्हातारी हसली, जिला धड दिसत नाही ती. मग आत्या हसल्या, ज्यांनी मला बाजेवर टाकलं होतं. माय रडता रडता हसली, आणि तिचं मी काही मनावर घेतलं नाही. मी खात्री करून घ्यायला म्हणून भाच्याच्या तोंडात बोट घातलं. त्यानं चावलं. खालून.

चांदीची वाटी अक्कानं ठेवून घेतली. "आता आनलीसच तर राहू दे," म्हणाली.

परतीच्या वाटेवर आबा बैलांच्या शिंगांकडे बघत बसले. मी गाडीत मागे तोंड करून बसलो होतो. चिवडा गेला, असं वाटत होतं. शेवटी मायलाच राहवेना.

"आबा, मग सोयरिकीचं?"

आबा म्हणाले, "दोष असता तर तोडली असती. दोष न्हाई. पोराला दिसलं त्ये बोलला, उलटं दिसलं तर उलटं बोलला. मनचं काई घातलं न्हाई. माझ्या पोरीशी खोटं बोलायची ह्याची टाप न्हाई. द्यायची पोरगी."

याला स्तुती म्हणायचं का, ते मी अजून ठरवलेलं नाही.

लग्न झालं. मला खरा राग आहे तो त्या लग्नातल्या एका गोष्टीचा. पाटावर उभा होतो. भटजींनी अंतरपाट उलगडला, कुंकवाचं स्वस्तिक बघितलं आणि सहज विचारलं, "याची वरची बाजू कोणती हो?"

मांडवाच्या मागून रशीदभाई म्हणाला, "महाराज, दूल्हे से मत पूछो."

मंगलाष्टकं बऱ्याच वेळानं सुरू झाली. अंतरपाटाच्या पलीकडूनही हसू ऐकू आलं, ते मी ओळखलं नाही असं दाखवलं. लोक हसले याचं मला काही नाही. चीड याची येते, की रशीदभाई बोलला तेव्हा मी मान वाकडी करून स्वस्तिक बघत होतो, आणि सांगणारच होतो.