मोटारीचा रबरी पंखा

धामणगाव बढे गावाजवळच्या धरणात गोकुळभाऊ मासेमारी करतात. यंदा त्यांच्या होडीची मोटार सारखी तापून बंद पडू लागली. उघडून पाहिली, तर मोटार गार ठेवायला पाणी खेचणारा रबरी पंखा झिजून गेला होता. तसा पंखा जवळपास कुठंच मिळेना. भाऊ दिवसभर वल्ही मारून थकून घरी येत.

त्यांची बायको जयमाला मोबाइलवर साड्या मागवायची. "साडी येते, तं पंखा काऊन येनार नाही?" म्हणत तिनं जुन्या पंख्याचा फोटो केरळातल्या एका दुकानाला पाठवला. दुकानदारानं माप विचारलं, तेव्हा शिवणकामाची टेप शेजारी ठेवून तिनं फोटो पुन्हा काढला.

पार्सल आल्यावर भाऊंनी जयमालाला सोबत नेऊन धरणावरच पंखा बसवला आणि मोटार सुरू करायची दोरी ओढली. मोटारीच्या बाजूनं पाण्याची बारीक धार उडाली; पंखा पाणी खेचू लागला होता.

"जयमाला, पाह्य!" ते ओरडलेच. "चाल, बस होडीत."

"मले भेव लागते जी."

"पंखा तूनंच आनला ना? मंग पह्यली तूच बसशीन."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ती कधी पाण्यावर गेली नव्हती. दोन्ही हातांनी होडीचा काठ घट्ट धरून ती बसली. धरणाच्या मध्यावर गेल्यावर मात्र तिनं एक हात सोडला आणि हळूच पाण्यात बुडवला.