कपाटातली सही

जळक्या मोटारीचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. नेऱ्याकडच्या एका गावात मी ग्रामसेविका असताना नळयोजनेची मोटार जळली आणि बाया हंडे घेऊन ओढ्यावर जाऊ लागल्या. नवी मोटार घ्यायला फक्त सरपंचबाईंची डिजिटल सही हवी होती, पण त्या सहीचा पेनड्राइव्ह पनवेलच्या तालुका ऑफिसात, रजेवर गेलेल्या साहेबांच्या कुलूपबंद कपाटात होता. "सरपंच मी हाय ना? मंग माजी सही यांच्या कपाटात कशाला?" आम्ही दोघी तिथे पोचताच बाई कडाडल्या. "सगळ्याच गावांच्या इथेच असतात, तुमच्याकडे हरवतात," क्लार्क मान वर न करता म्हणाला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर कपाटाच्या कुलपाकडे वळवली. आता रिटायर झाले, तरी साहेबांपेक्षा मला माझाच संताप जास्त येतो. बाई निवडून आल्या त्याच आठवड्यात, त्यांना न विचारता, ती सही मीच तिथे नेऊन दिली होती.